डब्याचा वेग

नामदेव मामानं काहीच केलं नव्हतं. एवढं साधं वाक्य कागदावर उतरवायला मला अर्धं आयुष्य लागलं. मी त्याच्यावर आळ घेतला, तोही चारचौघांत, आणि ज्या गोष्टीवरून घेतला ती आज कुणाला सांगितली तर तो आधी हसेल. आमच्या गायन पार्टीची गाणी ठरवलेल्या वेगापेक्षा जराशी सावकाश वाजू लागली होती. कुणीतरी हे मुद्दाम करतं आहे असं माझ्या मनानं घेतलं, आणि तो कुणीतरी म्हणजे मामाच, हे ठरवायला मला पुराव्याची गरजही वाटली नाही. पुरावा मी नंतर जमवला. जमवायचाच म्हटला की तो जमतो, हे मला आता कळतं.

महागावच्या बाजूला आमचं गाव. बाबा गेले तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो आणि रंजनाताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. मायचा एकुलता एक धाकटा भाऊ म्हणजे नामदेव मामा. तो केळापूरकडचं आपलं गाव सोडून आला आणि आमच्या घराच्या भिंतीला भिंत लावून त्यानं स्वतःच्या हातानं एक खोली बांधली. तो गवंडीकाम करायचा आणि ढोलकी वाजवायचा. लग्न त्यानं केलं नाही. कुणी विचारलं की म्हणायचा, "दोन लेकरं बसल्या जागी भेटली, आता बायको कायले?" सकाळी माय भाकरी थापायला बसली की तो थापण्याचा आवाज भिंतीपलीकडे जायचा, आणि मामा तिकडून पत्र्याच्या पिंपावर बोटांनी त्याच ठेक्याची साथ द्यायचा. मायचा हात मग नकळत त्याच्या लयीत पडायचा आणि ती चिडायची. "भाकर बिघडते माही, बंद कर तुह्यं." मामा आणखी जलद वाजवायचा. ताई चुलीपाशी बसून हसायची. ते हसू मला अजून ऐकू येतं, कारण त्यात श्वास भरपूर होता.

रात्रीच्या जेवणाला मामा आमच्याकडेच असायचा. अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर आणि भुरका, म्हणजे तिखटावर कढत तेल ओतून केलेली लालभडक चटणी, एवढं असलं की त्याला पंगत जेवल्यासारखं वाटे. दिवाळी झाली की ताई गावाबाहेरच्या जिनिंगात कामाला जायची. तिथं बायका मशीनच्या तोंडाशी कापूस लोटायच्या, सरकी एकीकडे आणि रुई एकीकडे पडायची, आणि दिवसभर हवेत पांढरा भुगा तरंगत राहायचा. संध्याकाळी ताई घरी यायची ती भुवया पांढऱ्या करून. "आली पाय म्हातारी," मामा म्हणायचा. माय दारातच तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची. गुळानं घशातला कापूस खाली उतरतो, असं जिनिंगातल्या सगळ्या बायका मानत. ताई तो खडा चघळत, ओढणीनं केस झटकत, अंगणातच गुणगुणायला लागायची. आमच्या पार्टीत मुख्य आवाज तिचा होता. गाणी लिहायचे पार्टीचे प्रमुख गुरुजी. ते शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक होते. जयंत्या, बुद्ध पौर्णिमा, कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, असं आम्ही तालुकाभर गात फिरायचो. गुरुजी पेटी वाजवायचे, मामा ढोलकी. मी आधी झांज वाजवायचो आणि मग पेटी शिकलो.

ते कापसाचे वाईट दिवस होते. त्यावर पुष्कळांनी लिहिलं आहे. मला एवढंच सांगायचं आहे की त्या दिवसांत माणसं एकमेकांकडे तिरपं पाहायला शिकली होती. बियाण्याची पिशवी दुकानातच फोडून सरकी दाताखाली दाबून पाहायची. व्यापारी कापूस मोजायला लागला की काट्याकडे न पाहता त्याच्या पायाकडे पाहायचं. कुणाच्या गाडीला चांगला भाव लागला तर त्यानं कापसावर पाणी मारलं असेल अशी कुजबूज व्हायची. आमच्याकडे शेत नव्हतं, तरी तीच हवा आमच्या घरात होती. माय कुडाला टेकवलेल्या सरपणाच्या तुराट्या रोज नजरेनं चाचपायची आणि म्हणायची, "कोनं तरी वढून नेऊन राह्यलं, सांगून ठेवते." मुलगी पाहायला येणारी माणसं आधी चार घरं पलीकडे चौकशी करून मग आमच्या दाराशी यायची. मी त्या हवेत मिसरूड फुटेपर्यंत वाढलो. ही सबब नाही. त्याच हवेत ताईही वाढली आणि मामाही राहिला.

पुसदकडच्या एका पार्टीनं मशीन आणलं तेव्हापासून आमची बोलावणी कमी झाली. लोकांना ढोलकीबरोबर बासरी हवी होती, व्हायोलिनचा ताफा हवा होता, सिनेमातल्यासारखा आवाज हवा होता. गुरुजी नागपूरला गेले आणि एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राचं सामान घेऊन आले. त्यात दोन वस्तू होत्या. एक लांबलचक काळा सिंथेसायझर, ज्यात शेकडो वाद्यांचे आवाज होते. दुसरा एक चपटा डबा, वर बटणं, एक गोल चकती आणि आकडे उमटणारी छोटी काच. त्याला सिक्वेन्सर म्हणतात हे मला पुढं कळलं. गावात सगळे त्याला डबाच म्हणायचे. दोघांमध्ये पाच टाचण्यांच्या तोंडाची एक जाड वायर होती. मी सिंथवर जे वाजवीन ते डबा लक्षात ठेवायचा. आवाज नव्हे, तर कोणती पट्टी, केव्हा, किती जोरानं दाबली तेवढं. मग बटण दाबलं की डबा त्या वायरीतून सिंथला सांगायचा आणि कुणी हात न लावता सिंथ वाजायला लागायचा. आधी ढोलकी भरायची, तिच्यावर बासरी, तिच्यावर व्हायोलिन, असे थर रचायचे आणि गाणं पुरं झालं की फ्लॉपीवर साठवायचं. बारावीनंतर मी महागावला कॉलेजात जात होतो, इंग्रजी अक्षरं मला ओळखता येत होती, म्हणून डबा माझ्या ताब्यात आला. आमच्याच घरी, मायच्या कपड्यांच्या पेटीवर, गोधडीखाली.

ढोलकीचे ठेके भरायला मी मामालाच बसवलं. वीज दुपारी भरवशाची असायची, म्हणून दुपारी बसवलं. तो आधी आपल्या ढोलकीवर वाजवून दाखवी, मग मी त्याला सिंथच्या पट्ट्या दाखवी, की ही थाप, हा घुमारा, हा चाटीचा आवाज. दोन-तीन दुपारींत तो त्या पट्ट्यांवर ठेका धरायला लागला. कुठलं बटण साठवायचं, कुठल्या चकतीनं वेग बदलतो, सगळं मी त्याला मोठ्या ऐटीत समजावून सांगितलं. ताईचा तो सुट्टीचा दिवस असला की ती तिथंच भिंतीला टेकून तांदूळ निवडत बसलेली असायची. मामाचा हात डब्यात जसाच्या तसा उतरला होता, पण मला तो ओबडधोबड वाटला. कुठं तो किंचित मागं रेंगाळायचा, कुठं किंचित पुढं. डब्यात एक सोय होती, सगळे ठोके ओढून एका रेषेत बसवायची. मी ती वापरली. ऐकून मामानं आपली ढोलकी खोळीत घातली. मग म्हणाला, "हा डबा ऐकते सगळं, पन पायत नाही काही." मी हसलो. त्या दिवसापासून रंगमंचावर ढोलकी डब्यातून वाजायला लागली आणि मामाच्या हातात झांज आली. "चला, पोट्ट्याची झांज मले भेटली," तो सगळ्यांदेखत म्हणाला. त्याच्या विनोदावर सगळे हसले, मीही. पण मनात एक गाठ बसली, की हा वरून हसतो आहे. आतून याला लागलं आहे.

आणि मग गाणी सावकाश होऊ लागली. टेप हळू फिरवली तर आवाज जाडा होतो, लगेच कळतं. डब्याचं तसं नव्हतं. सूर तोच, वाद्यं तीच, फक्त चाल जड. पहिल्या कार्यक्रमाला मला वाटलं, आपल्याच कानाला भास होतो आहे. दुसऱ्या वेळी मी काचेवर पाहिलं. एकशे अठरावर ठेवलेलं गाणं एकशे बारावर उभं होतं. मी घरी ते पुन्हा ठीक करून साठवलं. पुढच्या खेपेला पुन्हा खाली. म्हणजे आपोआप नव्हे. कुणीतरी गाणं उघडत होतं, चकती फिरवत होतं आणि परत साठवून ठेवत होतं. हे करायला साठवण्याची पुरी रीत माहीत हवी. ती मी एकाच माणसाला शिकवली होती, असं मी स्वतःला सांगितलं. भिंतीला टेकून तांदूळ निवडणारं माणूस मी मोजलंच नाही. दहावी झालेली, जिनिंगात जाणारी आपली बहीण इंग्रजी काचेकडे पाहून काही समजून घेईल, हे माझ्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. आज मी यवतमाळला रेकॉर्डिंगची एक लहान खोली चालवतो. कधी कुणी गाणारी मुलगी काचेपलीकडून मला विचारते, "सर, थोडं स्लो होईल का?" तेव्हा दर वेळी मी आधी वेग खाली आणतो आणि मग हो म्हणतो.

मी पाळत ठेवू लागलो. मामा चहाला आला की तो कुठं बसतो, गोधडीकडे पाहतो का, हे मी पाहायचो. मायला आडून विचारायचो, "मामा दुपारी आलता का?" ती म्हणायची, "आलता. त्याचं घर आहे, काहून येनार नाही?" शेवटी मी एक सापळा लावला. गादीतून कापसाची एक तार ओढली, डोळ्याला जेमतेम दिसेल अशी, आणि थुंकी लावून फ्लॉपीच्या फटीवर आडवी चिकटवली. कॉलेजातून परत आलो तर तार नव्हती. गाण्याचा आकडा खाली आला होता. माय म्हणाली, मामा येऊन चहा पिऊन गेला. ताईही त्या दिवशी घरीच होती, तिची सुट्टी होती. ती मला दारातच दिसली होती, गुळाचा खडा तोंडात धरून, छातीवर हात ठेवून. ते मी पाहिलं आणि पाहिलं नाही. मी आकडा वर नेला, गाणं साठवलं आणि फ्लॉपीच्या कोपऱ्यातली ती बारीक खिटी सरकवली, जिच्यामुळे फ्लॉपी वाचता येते पण तिच्यावर नवं काही साठवता येत नाही. आता कुणाची काय माय व्याली आहे ते पाहू, असं मनात म्हटल्याचं मला स्वच्छ आठवतं.

दोन दिवसांनी रमाई जयंतीचा कार्यक्रम होता, महागावला, भर दुपारी, बायकांचा मोठा मेळावा. त्याची तालीम आदल्या संध्याकाळी आमच्या विहाराच्या ओट्यावर होती. गुरुजी होते, कोरसच्या बाया होत्या, झांज घेऊन मामा होता. ताई जिनिंगातून थेट आली होती. तालीम सुरू होण्याआधीच मी उभा राहिलो.

"गुरुजी, गाणे कोन बिघडवते ते सापडलं," मी म्हणालो. मग मामाकडे वळलो. जन्मभर मी त्याला अरे-तुरे करत आलो होतो. त्या संध्याकाळी पहिल्यांदा 'तुम्ही' म्हणालो. "तुम्ही करून राह्यले हे. ढोलकी गेली म्हून तुमच्या पोटात दुखते. पार्टी बुडाली तरी चालन, पन डबा नाही चालला पायजे. बरोबर?"

मामानं माझ्याकडे पाहिलं. मग त्याची नजर एकदाच, अगदी क्षणभर, ताईकडे गेली. ताई ओट्याच्या कडेला बसली होती, मान खाली. मला ती नजरही कटाची वाटली, की हा बहिणीच्या लेकीला आपल्या बाजूनं ओढतो आहे.

"हाव," मामा म्हणाला. "मीच केलं. हात शिवशिवते माह्ये."

"कायले, नामदेव?" गुरुजी म्हणाले. "मले सांगाचं ना."

"आता काय सांगू, गुरुजी. म्हातारपन आलं, वेडेपना सुचते." तो हसायला गेला, पण जमलं नाही. झांज त्यानं ओट्यावर ठेवली, दोन्ही पेले एकमेकांवर उपडे, आवाज न होईल असे. कोरसमधली एक बाई पुटपुटली, "घरातलाच निघाला व माय." मामानं ते ऐकलं. तो उतरला आणि अंधार पडायच्या आत आपली ढोलकी खोळीत घालून केळापूरच्या रस्त्याला लागला. मायनं त्या रात्री अंबाडी केली होती. तिनं ताट वाढून भिंतीपाशी ठेवलं आणि सकाळी ते तसंच उचललं. ताई जेवली नाही. मी जेवलो. खोटं कशाला सांगू, मी दोन भाकरी खाल्ल्या.

महागावच्या मांडवात बायकांची दाटी होती. पुसदकडचं एक स्थळ ताईसाठी चाललेलं होतं. मुलाची आई आणि आत्या मुद्दाम पुढच्या सतरंजीवर येऊन बसल्या होत्या, पोरगी गाते कशी, दिसते कशी ते पाहायला. मायनं ताईला आपली जपून ठेवलेली निळी साडी नेसवली होती. दोन गाणी धडपडत का होईना पार पडली. तिसरं रमाईचं, गुरुजींनी नवं लिहिलेलं, सगळ्यांत जलद. त्यात एक कडवं असं होतं की ओळीमागून ओळ यायची, मध्ये उसंत नव्हती. मामा ढोलकीवर होता तेव्हा अशा कडव्यांआधी तो एक आवर्तन जास्त वाजवायचा. मी त्याला हौस समजायचो. ताई त्या आवर्तनात छाती भरून घ्यायची, आणि तो तिच्या खांद्यांकडे पाहत ते खाली येईपर्यंत थांबायचा. डबा तसा थांबणार नव्हता. तो कुणाकडे पाहत नव्हता.

दुसऱ्या कडव्यालाच ताई ओळीचं शेवटचं अक्षर गिळायला लागली. मी बाजूला सिंथमागे उभा होतो. तिचे खांदे वर-वर चढत होते, मानेच्या शिरा दिसत होत्या. तिनं एकदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आता जे लिहितो आहे तेच खरं माझं पाप आहे, बाकी सगळं त्याच्या मागंपुढचं. वेगाची चकती माझ्या हाताखाली होती. एक बोटभर फिरवली असती तर गाणं सावकाश झालं असतं, ऐकणाऱ्यांना कळलंही नसतं. मला दिसत होतं की तिला जड जातं आहे. पण माझ्या मनात आलं, ही मामाची बाजू घेते आहे. रुसून मुद्दाम मागं पडते आहे, मला खोटं ठरवायला. मी हात मागं घेतला.

तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर आवाज बंद झाला. ताई तोंड उघडून उभी होती आणि आवाज येत नव्हता. डबा चालूच होता, बासरी, व्हायोलिन, मामाच्या हाताचे एका रेषेत बसवलेले ठोके. गाण्याशिवाय ते सगळं इतकं मूर्ख वाटत होतं. मागून एक पोरगी म्हणाली, "आता डबाच गाईन." पाच-पंचवीस बायका हसल्या. मग ताईला खोकला आला, तो थांबेना, आणि ती निळ्या साडीचा पदर तोंडाला लावून स्टेजवरच खाली बसली. मायनं धावत जाऊन तिला धरलं. पुढच्या सतरंजीवर मुलाच्या आईनं आत्याच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि त्या दोघी जेवणाला न थांबता निघाल्या.

दुसऱ्या दिवशी ताई मला अंगणात म्हणाली, "थे मी करत होती." ती दम घेत घेत, तुकड्या-तुकड्यांत बोलली. हिवाळा लागल्यापासून छाती आवळायची. सुट्टीनंतरच्या दिवशी तर पहिल्या घंट्यातच. टीबीच म्हणतील लोकं, आणि स्थळ मोडन, म्हणून तिनं कुणाला सांगितलं नाही. तांदूळ निवडता निवडता डब्याची रीत पाहिली होती, म्हणून कार्यक्रमाआधी गाणी थोडी थोडी खाली आणायची. मामानं तिला एकदा पाहिलं, आणि तिनं त्याला शपथ घातली. "जयंतीच्या दिवशी सकाळी बी मी पाह्यलं," ती म्हणाली. "साठवाले गेली तं काचेवर काहीतरी आलं, आन् घेतच नव्हतं. समजली मी का तू कुलूप लावलं. तुले सांगनार होती, पन तू डोळे असे करून फिरून राह्यलता." दम घेऊन म्हणाली, "आन् मामानं मान्य केलं तवा मी गप्प बसली. तुह्याइतकीच मीबी आहे त्याच्यात."

पुसदहून निरोप आला, पोरीची छाती चांगली नाही म्हणतात. यवतमाळच्या डॉक्टरांनी टीबी नाही असं सांगितलं. कापसाची धूळ आहे, ते काम सोडा, म्हणाले. पण तो कागद घेऊन कुणाच्या दारात जाणार? ताईनं जिनिंग सोडलं. माईकपुढे ती पुन्हा उभी राहिली नाही. पुढं उशिरा तिचं लग्न झालं, एका बिजवराशी. चांगला माणूस आहे. तिला एक मुलगी आहे, ती गात नाही. गायन पार्टी आणखी वर्षभर डब्यावर चालली आणि मग आपोआप विरून गेली.

मी मामाकडे गेलो होतो, नाही असं नाही. महिन्याभरातच गेलो. तो एका घराची भिंत बांधत होता. मला पाहून थापी खाली ठेवली, हात धुतले. मी तोंड उघडलं तर म्हणाला, "पहिले जेव." जेवताना म्हणाला, "ताईची तब्येत कशी आहे?" निघताना म्हणाला, "मायले सांगजो, शेंगा पाठवतो." माझं वाक्य माझ्यापाशीच राहिलं, आणि परतीच्या गाडीत मला केवढं हलकं वाटलं. चला, झालं, त्यानं माफ केलं. घरी आल्यावर मायनं एकच विचारलं, "काय म्हणाला तू त्याले?" मी म्हणालो, त्यानं बोलूच दिलं नाही. माय परातीतलं पीठ मळत होती. "जेवाले घातलं म्हंजे माफ केलं असं नसते," ती म्हणाली. "थो मामा आहे, म्हून जेवाले घातलं. तू चारचौघांत बोलला नं? मंग चारचौघांत माफी माग. चुलीपाशी मागतली माफी चुलीतच जाते." मी हो म्हणालो. मग नोकरी शोधायची होती, मग लग्न झालं, मग मुलं. दर वर्षी वाटायचं, आता एवढ्या काळानं कशाला उकरायचं. माय होती तोवर मामा आमच्या गावात परत आला नाही. भिंतीपलीकडची त्याची खोली पडली. मायनं भाकरी थापणं सोडलं नाही, पण तिचा हात मला नेहमी काहीतरी ऐकत असल्यासारखा वाटायचा.

माय गेली तेव्हा तिच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे श्रद्धांजलीच्या वंदनेला, मामा आला. काठी टेकत, त्याच्या गावातल्या एका पोराच्या खांद्यावर हात ठेवून. विहारापुढे मांडव होता, भंतेजींचं वंदन झालं, लोक मायबद्दल दोन-दोन शब्द बोलत होते. गुरुजी खुर्चीत होते, फार थकलेले, पण होते. त्या संध्याकाळच्या कोरसमधल्या दोन बायाही होत्या, केस पांढरे झालेल्या. मी ताईजवळ गेलो आणि हळूच विचारलं, सांगू का सगळ्यांना? तुझ्या छातीचंही सांगावं लागेल. ती म्हणाली, "सांग. आता मले पाह्यले कोन येऊन राह्यलं?"

मी माईक घेतला. मायबद्दल बोलायचं सोडून मी त्या ओट्यावरच्या संध्याकाळबद्दल बोलायला लागलो. नामदेव मामानं डब्याचा वेग कधी बदलला नव्हता, असं म्हणालो. कापसाची तार मी लावली होती, कुलूप मी लावलं होतं, ताईच्या छातीत जिनिंगाची धूळ होती आणि तिनं शपथ घातली होती म्हणून मामानं खोटं कबूल केलं, असं म्हणालो. पुढचं वाक्य माफीचं होतं. मी तोंड उघडून उभा राहिलो, आवाज येईना. माईकमधून फक्त माझा श्वास लोकांना ऐकू जात होता.

"सावकाश बोल, सिद्धू," मामा खुर्चीतून म्हणाला. त्याची नजर माझ्या खांद्यांवर होती. "आमी का डबा आहो? थांबतो."

कुणीतरी हसलं, ताईच असावी. मी माईक खाली केला, छाती भरून घेतली, आणि माईकशिवाय, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोललो.

"मामा, मी तुह्यावर खोटा आळ घेतला. चारचौघांत घेतला, म्हून चारचौघांत सांगतो, मले माफ कर. आन् ताई, तुले हे मी कधी सांगतलं नाही. त्या दिवशी तू माह्याकडे पाह्यलं, तवा मले दिसलं होतं तुले दम लागून राह्यला म्हून. चकती माह्या हाताखाली होती. मी फिरवली नाही. मले माफ कर."